नवसाचा घास

लोणखेड्याच्या गजराबाईचा एकुलता एक लेक भिला सुरतेच्या गिरणीत होता. तिथे त्याला विषमज्वर झाला, तेव्हा तिने म्हसोबाला बोकड कबूल केला. लेक बरा झाला. आता त्या बोकडाचा पहिला घास त्याच्याच तोंडात पडायला हवा होता. नाहीतर देव दिलेलं परत नेईल, असं तिच्या मनाने घेतलं होतं.

चैत्रात नवसाच्या ठरल्या दिवशी बोकड कापला, पण गिरणीने सुट्टी दिली नाही आणि भिला काही आला नाही. उन्हाळा असा, की सकाळचं मटण दुपारी नाक धरायला लावी. जाऊ दगूबाई म्हणाली, "आते तरी फेकी दे ना." गजराबाई ऐकते कसली! आमचूरवाल्या चुनीलालच्या अंगणात कैऱ्यांच्या सालींचा ढीग पडलेला असे. गुरंही हुंगून पुढे जायची. तिने टोपलंभर साली आणल्या, वाळवून कुटल्या, मिठात कालवून मटणाच्या पट्ट्यांना चोळल्या आणि पट्ट्या उन्हात सुकवल्या. मग मडक्यात भरून ते मडकं पाण्याच्या रांजणाखाली, ओल्या वाळूत पुरलं. रोज झाकण काढून वास घ्यायची. आंबट वास आला की हायसं वाटे, आणि लगेच लेकाच्या आठवणीने जीव कासावीस होई. नंदुरबारकडून कुणीही आलं, की ही अंगणात उभी.

वैशाखात भिला आला. वाळलेला, पण धडधाकट. तिने त्याच्या तोंडावरून हात फिरवला, कानशिलावर बोटं मोडली आणि तडक चूल पेटवली. ताट पुढे आलं तेव्हा भिलाने सदऱ्याची गुंडी काढली. गळ्यात तुळशीची कंठी होती.

"माय, तापमा मी बी देवले बोलेल व्हतू. जगनू तर मास सोडसू."

एकाच जिवासाठी मायलेकांनी दोन देवांना शब्द दिला होता, तोही एकमेकांना न विचारता. गजराबाईला रडू आलं, रागही आला. लेकाची कंठी तोडायची, की म्हसोबाला फसवायचं? मग तिने ताट स्वतःकडे ओढलं.

"तू मन्हा पोटमा व्हता, तव्हय मी खाऊ ते तुलेच पोचे ना? आते बी तसंच."

तिने घास घेतला. मटण जराही बिघडलं नव्हतं. सुरतेच्या खोलीत ज्या चवीसाठी भिला झुरला होता, ती आता हातभर अंतरावर होती.

"कसं लागस, माय?"

"नरम शे. आंबटसर. तुले आवडस तसंच."

आणखी ऐकायला तो ताटाजवळ सरकला. "आखो सांग ना," तो म्हणाला, आणि ती चावत, रडत, घासाघासाला सांगत राहिली.