टाकीतले जंतू आणि माझी स्वच्छता

गल्लीचं घाण पाणी साफ करणारी टाकी मी एका सकाळी फिनेल ओतून मारली. हो, मारलीच. टाकी मरते हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. पन्नाशीला टेकले होते, पण हुशारी अशी उतू चालली होती की नवं काही कळायला आत जागाच नव्हती.

आमचं गाव पालमकडचं, आठवडी बाजाराचं. सगळ्या गल्लीचं सांडपाणी धाकट्या जाऊबाईच्या दारापुढं येऊन तुंबायचं. तिच्या लेकीला बघायला आलेले पहिले पाहुणे पोहे तसेच ठेवून, नाकाला रुमाल लावून उठले होते. मग तिथं टाकी झाली, पुढं खडीच्या वाफ्यात कर्दळी लावल्या आणि पलीकडून बऱ्यापैकी नितळ पाणी पडायला लागलं. जाऊबाईनं लगेच दुसरे पाहुणे बोलावले.

टाकी दाखवताना ती बांधून देणारे साहेब कौतुकानं म्हणाले, "मावशी, ह्यात कोट्यवधी जंतू आहेत." पुढचं मी ऐकलंच नाही. पुतणीचे पाहुणे येणार आणि दारात जंतू! मी बचत गटाची अध्यक्ष, स्वच्छतेवर भाषण करणारी गल्लीतली एकमेव बाई. फिनेलचे कॅन आणले, ब्लीचिंग पावडर आणली आणि कुणाला न सांगता सगळं टाकीत रिकामं केलं. घरी येऊन, स्वतःवरच खूश होऊन, चहा प्याले.

आधी गल्लीभर दवाखान्याचा वास सुटला. मी ताठ मानेनं हिंडले. मग कर्दळी पिवळ्या पडल्या आणि असा काही दर्प उठला की जुनी नाली अत्तराची वाटावी.

"आक्का, काय झालं ओ हे? उद्या पाहुणे यायलेत!" जाऊबाई रडकुंडीला आलेली.

साहेब धावत आले. टाकीत वाकून बघितलं, कडेला पडलेले कॅन बघितले.

"कुणी टाकलं हे?"

"मी. जंतू मारले," मी ऐटीत म्हणाले.

"अहो मावशी, ते जंतूच घाण खात होते! विरजणात कुणी फिनेल टाकतं का?"

विरजण म्हटल्याबरोबर सगळं डोक्यात शिरलं. मेल्यानं आधीच तेवढं म्हणायचं! आता नवं विरजण म्हणून शेणकाला ओतायचा हुकूम झाला. म्हणजे वास जावा म्हणून मी बादल्या भरभरून शेण ओतायला लागले.

"आक्का, बास करा आता," जाऊबाई दारातून म्हणाली. "तुमी हात लावला की वास वाढायलाय."

विरजण लागायला वेळ लागतो, पाहुणे यायला लागत नाही. दुसऱ्या दिवशी ते आले. मुलाच्या आईनं बसल्याबसल्या पदर नाकाला लावला. जाऊबाईनं पोह्यांच्या बशा पुढं केल्या, पुतणीची मान वर येईना. मला राहवलं नाही. फिनेलपासून शेणापर्यंत सगळं भडाभडा सांगून टाकलं.

"घर चांगलं हाय, पोरगी लय गुणाची हाय," मी म्हणाले. "वास तेवढा माझा हाय."

मुलाच्या आईचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, बाईला उलटी येतेय. तिनं पदर बाजूला केला, डोळे पुसले, बशी पुढं ओढली आणि हसू आवरत मला म्हणाली, "पोरगी पसंत हाय आमाला. फकत एक खरं सांगा, काकूवर गेली न्हाई ना?"