आप्पांच्या वेलींची जागा

ते जाडजूड पुस्तक हातात पडलं आणि माझं डोकंच फिरलं म्हणा. माणूस कुठून आला, पुढं त्याचं काय होणार, सगळं एका इतिहासकारानं गोष्टीसारखं लिहिलेलं. मी रामनगरला मास्तर. गेल्या दिवाळीच्या सुट्टीला दिग्गीला घरी आलो तरी पुस्तक सुटेना. संध्याकाळी ओसरीवर बसून आप्पांना, म्हणजे वडिलांना, वाचून दाखवायचो. त्यांना अक्षर येत नव्हतं, पण ऐकायची भारी हौस.

शेतीच्या आधी माणसं रानात कंद खणून खायची आणि तिथलं संपलं की पुढं जायची, हे वाचलं तेव्हा आप्पा खवळले.

"कोण म्हणतो संपतंय? कंद काढायचा, आणि वेलीकडचं डोस्कं परत खड्ड्यात पुरायचं. पुढल्या साली तिथंच कंद हाय. ह्ये लिवलंय काय त्येनं?"

"न्हाई, आप्पा."

"मग कसला शाणा त्यो! चल उद्या, आपल्या वेली दावतो. पानं पिवळी पडल्यात. वेल वाळून गळली की देवालाबी जागा सापडायची न्हाई."

आमच्याकडं रानातसुद्धा एकाची वेल दुसरा खणत नाही, आणि जागा बापानं लेकाला चालत नेऊनच दाखवायची. हे मला ठाऊक होतं. तरी म्हणालो, "एवढं शेवटचं प्रकरण होऊ द्या." त्यात यंत्रं माणसाला मागं टाकणार होती, मोठंच रंगलं होतं! दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. आप्पा नुसतं "बरं" म्हणाले. सुट्टी संपली, मी रामनगरला परतलो. पुढच्या पावसाळ्याआधीच आप्पा वारले.

यंदा दिवाळीनंतर आईनं पहार आणि टोपली माझ्यापुढं ठेवली. "कंद आण जा. शेवटाला म्हणत व्हते, पोराला समद्या जागा दावल्यात, तू काळजी करू नगंस."

जाता जाता त्या माणसानं माझी लाज राखायला खोटं बोलावं!

"व्हय, दावल्यात," मी म्हणालो आणि निघालो.

दिवसभर रान पालथं घातलं, पण वेली केव्हाच वाळून गळलेल्या. माणसाचं पुढं काय होणार ते विचारा, घडाघडा सांगतो. आमच्या वेली कुठं, ते मात्र मला सांगता यायचं नाही. आप्पांची इतकी आठवण आली की राहवेना. भर रानात उभा राहून ओरडलो, "आप्पा, आलोय मी! चला, दावा!"