कांदा यादीत नाही

काही घरांत रद्दी साठते, काहींत लोणची. इंदिरानगरमधल्या आमच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात नामंजूर प्रस्ताव साठतात, आणि प्रत्येकाला एक किस्सा चिकटलेला असतो. ऐकणारे पोट धरून हसतात. हसा! सांगताना माझं बीपी वाढतं, ते कुणी मोजत नाही.

संस्था म्हणजे मी आणि गायकवाड सर. सर आयटीआयमधून रिटायर झालेले, मी अर्ज लिहिणारी. विंचूरला खळ्यांवर हातानं कांदा निवडणाऱ्या बायकांना आम्ही शिकवतो. लिहिणं-वाचणं, डिजिटल काटा आणि प्रतवारीचं मशीन. खळ्यांवर आता मशीनं येतायत, आणि जिला बटणावरचं वाचता येत नाही तिला "उद्यापासून येऊ नका" म्हणतात.

* * *

पहिला मोठा अर्ज केला तो आजीवन शिक्षणाच्या एका योजनेत. पोर्टलवर बायकांची वयं भरली. बेचाळीस, सत्तेचाळीस, बावन्न... लगेच लाल अक्षरं आली : कमाल वय पस्तीस!

सरांनी हेल्पलाइनला फोन लावला. "मॅडम, योजनेच्या नावात 'आजीवन' आहे ना?"

"हो सर."

"मग पस्तिसाव्या वर्षी माणूस मरतो का?"

पलीकडून बराच वेळ कीबोर्डची टकटक. मग उत्तर आलं, "सर, सिस्टीममध्ये तरी त्याच्या पुढचं दिसत नाहीये."

* * *

दुसऱ्या पोर्टलवर 'क्षेत्र निवडा' अशी यादी होती. आयटी, ब्युटी, हॉस्पिटॅलिटी, ड्रोन. ड्रोन आहे, कांदा नाही! अर्ज नाशिक जिल्ह्यासाठी, आणि यादीत कांदा नाही!

फोन केला तर म्हणाले, "जवळचा ऑप्शन टाका."

मी 'अन्नप्रक्रिया' टाकलं. दोन महिन्यांनी नकार आला. कारण : कारखान्याचा परवाना जोडलेला नाही.

* * *

एका फाउंडेशननं ऑनलाइन मुलाखत घेतली. कोट घातलेला एक तरुण साहेब विचारतो, "आमचा निधी बंद झाल्यावर प्रकल्प कसा चालवाल?"

सर म्हणाले, "बंद व्हायला आधी सुरू तर करा! नऊ वर्षं तुमच्याशिवायच चालवतोय."

त्यानं मान डोलावून लिहून घेतलं. मला वाटलं, चला, पटलं बुवा. पंधरा दिवसांनी मेल : "संस्था निधीशिवाय चालू शकते. सबब निकड दिसून येत नाही."

सरांनी तो मेल तीन वेळा वाचला आणि चष्मा काढून टेबलावर आपटला. काच गेली. तिचा खर्च कुठल्या हेडखाली टाकायचा, हेही कुणी सांगेना!

* * *

मग एका कंपनीच्या मॅडम वर्ग बघायला आल्या. पाहुणे येणार म्हणून बायका ठेवणीतल्या साड्या नेसून, गजरे माळून बसलेल्या. मॅडमनी फोटोसाठी मोबाइल वर केला, खाली केला, आणि माझ्या कानात म्हणाल्या, "जरा गरजू दिसल्या असत्या ना, तर..."

पुढच्याच रांगेत सिंधूताई होत्या. वय बावन्न, वर्गात सगळ्यांत थोरल्या, कान मात्र तिखट.

"बाई, आधी सांगायचं नाय का! इस्त्री तरी वाचली असती!"

* * *

शेवटी एकदाचा एक प्रस्ताव मंजूर झाला! पेढे वाटले आम्ही. अट एकच, हजेरी बायोमेट्रिक मशीनवर.

मशीन आलं. बायकांनी अंगठे लावले. लाल दिवा. पुन्हा लावले, पुन्हा लाल. वर्षानुवर्षं कांद्याची पात-मुळं कापून आणि टरफलं काढून बोटांवरच्या रेघाच पुसल्या गेलेल्या!

महिन्यानं तपासणीला साहेब आले. समोर बावीस बायका पाटी-वही घेऊन बसलेल्या. साहेबांनी लॅपटॉप उघडला. "हजेरी शून्य आहे. असंच राहिलं तर मंजुरी रद्द होईल."

"साहेब, समोर बघा ना!" मी जवळजवळ ओरडलेच.

"मॅडम, मी बघून काय उपयोग? सर्व्हरला दिसायला पाहिजे."

सिंधूताई उठल्या. "साहेब, सही चालंल का? मला येती आता. आमा समद्यांला येती."

"नाही हो ताई. सही नाही चालत. अंगठाच लागतो."

सर खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

सिंधूताईंनी टेबलावरची वही ओढली आणि सावकाश, एकेक अक्षर जुळवत बावीस नावं लिहून काढली. मग वर बघितलं. "तुमचं नाव काय म्हनले?"

साहेबांनी सांगितलं. सिंधूताईंनी तेही लिहिलं, तेविसावं. वेलांटीसुद्धा बरोबर दिली. आणि वही साहेबांपुढे सरकवली.

साहेब कसनुसं हसले, खिशातून पेन काढलं.

"पेन नगं," सिंधूताई म्हणाल्या आणि टेबलावरचा शिक्क्याच्या शाईचा पॅड उघडून पुढे ठेवला. "अंगठा करा."