बोंडअळीच्या धड्याचा व्हिडिओ

ज्या वर्षी कॉलेजं बंद होती, त्या वर्षी वरून फर्मान आलं: प्रत्येक धड्याच्या ऑनलाइन पानावर किमान एक व्हिडिओ हवाच. मी खामगावजवळच्या एका कृषी विद्यालयात पीक संरक्षण शिकवते. माझ्या वाट्याला गुलाबी बोंडअळी आली. बीटी कपाशी आल्यावर हिचा विषय संपला असं आम्हीच छातीठोकपणे सांगितलं होतं. ती आता बीटीच्याच बोंडात बसून सरकी खात होती.

व्हिडिओ कसा करायचा हे कुणी सांगितलं नाही. मी आधी आवाज भरून घेतला, कारण त्या दुपारी लाइट होती आणि शेजारचा गिरणीवाला जेवायला गेला होता. पुस्तकातलंच वाचलं. हंगाम संपल्यावरही पराटी, म्हणजे कपाशीची झाडं, उभी ठेवून फरदड घेतली, की अळी पुढच्या हंगामात येते, आसपासच्या शेतांतही. पुढे मी माझ्या पदरचं एक वाक्य घातलं, "या शेतकऱ्याने नेमकं हेच केलं." शेतकरी तेव्हा ठरायचाच होता.

तो वडनेर भोलजीला सापडला. माझ्या एका विद्यार्थिनीचे वडील. पोरीनं स्वतःच फोन केला होता, "म्याडम, आमच्या वावरात या, अळी लय हाय." वडील दोन तास माझ्याबरोबर फिरले. बोंडं फोडून तळहातावर धरली, हात हलू दिला नाही. मधेच विचारलं, "चेहरा येऊन राह्यला ना माहा?" मी म्हटलं, येतोय.

मग घरी चित्र आणि आवाज जोडले. फाईल मोठी आहे म्हणून पानानं ती तीनदा परत केली. कापून लहान केली, नेटवर्कसाठी गच्चीवर गेले, तर वर्तुळ फिरतंय ते फिरतंयच. मी त्या वर्तुळाला जे बोलले ते अभ्यासक्रमात बसत नाही. शेवटी फाईल चढली. मला माझंच कौतुक वाटलं. बावळट बाई!

दोन दिवसांनी पोरीचा फोन. "म्याडम, बाबानं गल्लीतली सारी लोकं बोलावली होती पाहाले." "बाबानं तं मागच्या डिसेंबरातच पराटी उपटली होती. बाजूच्या वावरातली उन्हाळ्यापर्यंत उभी होती. आता लोकं बाबालेच म्हणून राह्यले, तुह्यापायी आमची कपाशी गेली. बाबा कालपासून जेवले नाहीत."

आणि मी काय केलं? फाईल बदलणं किती किचकट असतं ते तिला समजावून सांगितलं. ती "हाव म्याडम" म्हणाली आणि फोन ठेवला. मग मात्र मला स्वतःची लाज वाटली. त्या माणसाला मी एका शब्दानं विचारलं नव्हतं.

सकाळी फाईल काढून टाकली आणि वडनेरला गेले. तोवर ती गावातल्या निम्म्या मोबाइलांत पोचली होती. वडिलांनी अंगणात खुर्ची ठेवली, पाणी दिलं.

"तुम्ही मले इचारलं काऊन नाही?"

"चुकलं माझं," मी म्हटलं. "आता तुमच्याच आवाजात भरू. गावाला खरं काय ते कळू द्या."

ते आत जाऊन धुतलेला शर्ट घालून आले. नुसता आवाज घ्यायचा होता. मी मोबाइल धरला. त्यांनी पेरणी कधी केली, पतंग धरायला कामगंध सापळे किती लावले, फवारलं कधी, पराटी उपटली कधी, सगळं नीट सांगितलं. कुठे अडले नाहीत. मग मी मुद्द्याचं विचारलं, त्यांच्यावरचा आळ जावा म्हणून.

"मग एवढी अळी आली कुठून? बाजूच्या वावरातून ना?"

त्यांनी मोबाइलवर हात ठेवला.

"ते नका घेऊ, म्याडम. त्याची पोरगी बी तुमच्यापाशीच शिकते. थे बी हेच पान उघडते."

मी ते कापलं. नवी फाईल लहान होती, पहिल्याच झटक्यात चढली. दरवर्षी ती ऐकून कुणीतरी विचारतंच, "मॅडम, यांनी सगळं बरोबर केलं, मग अळी आली कुठून?"

मी म्हणते, पुस्तकात पाहा.