रफिकभाईच्या वायरीचं सोवळं

रफिकभाई गेल्याची खबर आली तवा आमी बाया अकोटच्या जिनात, मागच्या शेडात, कापसातली किडकी, पिवळी कवडी वेचून राहिलो होतो. छातीत कळ आली, अकोल्याले नेता नेता रस्त्यातच सरला म्हणे. कोणी रडलं नाही. हात थांबले... मंग पुन्हा चालू झाले.

जिनाच्या विजेचं सारं काम त्याच्याकडं. मागं एकदा कापसाची गंजी आतून धुमसली, कोणाले समजलंच नाही. माह्या हाताची कातडी तवाच गेली. मंग मालकानं गंजीत गरमी वाढली का भोंगा वाजवणारे सेन्सर बसवले, पण पुढच्याच शेडात. रफिकभाई म्हणे, बाया तर मागं बसतात. म्हणून तो वायर आमच्यापावतर वाढवून राहिला होता. वाटेत मोठाल्या मोटरी. मोटर चालू झाली का भोंगा उगाच बोंबले.

"काहून रे भाई, तुह्या वायरीले भूत लागलं काय?" मी म्हटलं.

"भूत नाही मावशी, मोटरच्या वायरीचा विटाळ होते इले. सोवळ्यात ठेवा लागते."

मी हसली. "तुले काय मालूम रे सोवळं?"

"शेजारीच वाढलो ना तुमच्या! तुमची सासू मले चुलीपाशी येऊ देत होती काय?"

तो हसतच बोलला. माह्यं हसू तिथंच राहिलं. सासू जाऊन जमाना झाला होता. म्हटलं, "जेवाले ये एक दिवस."

"तुमच्या शेडात लाइन येऊ द्या, मंग येतो. चुलीपाशीच बसन."

मंग त्यानं त्या वायरीले येगळा लोखंडी पाइप देला, मधात एक डबी लावली. म्हणे, हिच्यातून निरोप जाते, करंट जात नाही. भोंगा शांत झाला. आमच्या भितीपावतर लाइन आली. भितीले भोकही पाडलं त्यानं. मॅनेजर म्हणे, बाकीचं हंगाम सरल्यावर.

हंगाम सराच्या आधी तोच सरला... जेवाले आला नाही.

नव्या मिस्त्रीनं वायर मोटरच्याच पाइपात कोंबून आमच्यापावतर आणली. आता भोंगा रोज बोंबलते. मी मॅनेजरले सांगतलं, वायर येगळी करा.

"वाजते ना आजी? मंग!"

बाया म्हणतात, बोंबलू दे, मोटरच असन. कोणी मान वर करत नाही. भितीतल्या त्या भोकात रफिकभाईनं कोंबलेला चिंधीचा बोळा अजून तसाच आहे, रुई जाऊ नये म्हणून. भोंगा वाजला का त्या बोळ्याकडं नजर जाते, अन् मले उठाच लागते. गंजीत हात घालून पाहा लागते.

थंड असते... आजवर तरी.