आत्याची डेडलिफ्ट

आत्याने आयुष्यभर लोकांच्या कपड्यांना बटणं लावली. डोळे शिणले तशी सुई खाली ठेवली आणि घरी बसून नवऱ्याला सल्ले द्यायला लागली. नवरा तरी कुठवर सोसणार? त्यानेच भाच्याच्या कानावर घातलं, "तुझ्या जिमच्या काउंटरवर बसव तिला. तुझं काम होईल, माझा जीव वाचेल."

भाच्याचं जिम तिसऱ्या मजल्यावर. खाली औषधांचं दुकान, मधे दातांचा दवाखाना. आत्याने येणाऱ्यांना सामानाच्या कपाटांच्या किल्ल्या द्यायच्या आणि भाचा सांगेल ते निरोप सगळ्यांच्या फोनवर पाठवायचे, एवढंच काम. पण तिथे घामसुद्धा इंग्रजीतच गाळत. कुणी स्टॅमिना म्हणे, कुणी मेटाबॉलिझम. एकाने विचारलं, "मॅडम, कार्डिओ कुठे?" आत्या म्हणाली, "अजून आले नाहीत."

तो हसत सुटला, आणि आत्या घरी आली ती हट्टालाच पेटून. "अहो, मला इंग्रजी शिकवा."

नवऱ्याची कळी खुलली. तो निवृत्त लिफ्टमन. सगळी नोकरी साहेबलोकांच्या सहवासात काढलेली, तीही खांद्याला खांदा लावून! अप, डाउन आणि ओव्हरलोड एवढ्या भांडवलावर त्याने शिकवणी सुरू केली.

"वॉर्म-अप म्हणजे?"

"गरम होऊन वर जाणं."

"कूल-डाउन?"

"गार होऊन खाली येणं."

"आणि ते वेलबीइंग? भाचा उठता-बसता म्हणतो."

नवऱ्याने शब्दाचे दोन तुकडे पाडले. "वेल म्हणजे विहीर. बीइंग म्हणजे असणं. विहिरीत असणं."

"त्यात चांगलं काय?"

"गार वाटतं," नवरा ठामपणे म्हणाला.

एका संध्याकाळी भाच्याचा फोन आला. "आत्या, सगळ्यांना कळव, उद्या सकाळी डेडलिफ्ट. कुणी चुकवू नका म्हणावं."

आत्याने ते नवऱ्याला सांगितलं मात्र, त्याचा चेहरा पडला. "लिफ्ट गेली?" घरातलंच कुणी गेल्यासारखा तो खुर्चीत बसला. "परवा तर चांगली ठणठणीत होती गं."

आत्याने निरोप धाडला: 'उद्या लिफ्ट बंद. सर्वांनी जिन्याने यावे. चुकवू नये.'

सकाळी नवरा हत्यारांची पेटी घेऊन तिच्याबरोबर गेला आणि लिफ्टपुढे स्टूल टाकून बसला. येईल त्याला जिना दाखवू लागला. जिमची माणसं बसत-उठत चढू लागली, दातांचे पेशंट गाल धरून चढले. जिमला येणारे किराणावाले शेठ दर वळणावर बसकण मारत होते आणि "कुणाच्या बापाने बांधलाय हा जिना" असं भिंतीला विचारत होते.

नवऱ्याने मग लिफ्टची नाडी बघावी म्हणून बटणांची पट्टी उघडली आणि एक वायर ओढली. नेमका त्याच वेळी, अजून कुणी कसं आलं नाही हे बघायला, भाचा वरून लिफ्टने खाली निघाला होता. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधोमध थबकली.

"कोण आहे रे खाली?" आतून आवाज आला.

"मी, आतोबा! घाबरू नकोस, लिफ्ट कालच गेलीय."

"मग मी तिच्यात बसून आलो कसा?"

आतोबा पेटीत पक्कड शोधू लागले. तोवर आत्या धापा टाकत दुसऱ्या मजल्यावर पोचली आणि दाराच्या फटीला तोंड लावून ओरडली, "डीप ब्रीदिंग कर! नाकाने घे, तोंडाने सोड! रिलॅक्स! पाठ सरळ!" जिन्यात बसलेल्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. शेठजींनी तर सवयीने श्वासही घेतला.

"आत्या, लिफ्ट बंद आहे असं तुला सांगितलं कुणी?"

"तूच की! डेडलिफ्ट म्हणालास ना?"

त्यावर भाचा आत असा काही हसत सुटला, की आत्या घाबरून म्हणाली, "हलू नकोस रे, तुटेल!"

वायर परत जागेवर बसली, भाचा पोट धरून बाहेर आला. त्याने आत्याला वर नेऊन जमिनीवरची लोखंडी दांडी दाखवली. "ही डेडलिफ्ट. वाकायचं आणि उचलायची."

"एवढंच? मग सरळ 'उचल' म्हण की मेल्या!" आत्याने पदर खोचला आणि दांडी उचलली. भाच्याने "वा!" म्हटलं. नवरा मात्र दाराआड पेटी आवरत होता, त्याने वर बघितलंच नाही. शेठजी चटईवर आडवे होते आणि त्यांचा व्यायाम जिन्यातच झाला असं त्यांचं ठाम मत होतं.

यापुढे निरोप मराठीतच द्यायचे, असं भाच्याने फर्मावलं. आत्यालाही ते पटलं. पुढच्या आठवड्यात तिने सगळ्यांना कळवलं: 'उद्या सकाळी उचल आहे. चुकवू नये.'

सकाळी जिमचे शिक्षक, झाडूवाली, रखवालदार, झाडून सगळा नोकरवर्ग आंघोळी करून वेळेआधी हजर. एरवी कधी न दिसणारी शिस्तीची रांग लागली होती आणि रखवालदार भाच्याला विचारत होता, "साहेब, पगाराच्या निम्मी उचल मिळेल का?"