खालून वाचायला लावणाऱ्या बाई

"आता खालून वाच."

पोराने धडा फाडफाड म्हणून दाखवला की बाई पुस्तकाच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवायच्या आणि हे म्हणायच्या. धडा पाठ केलेलं पोर तिथेच गप्प व्हायचं. तुम्ही वर्गात शेवटच्या बाकावर बसला असाल तर तुम्हालाही ठाऊक असेल, अर्धा वर्ग डोळ्यांनी नाही, कानांनी वाचतो.

मीही त्यातलीच. वडील भाईंदरच्या मिठागरात राबायचे, आई जेसल पार्कात चार घरची धुणीभांडी करायची. पेणकरपाड्याच्या एका खोलीत आम्ही सहा जण, आणि वाचता येणारं कुणीच नाही. शेजारच्या ताईकडून धडा ऐकायचा, पाठ करायचा आणि शाळेत पुस्तक समोर धरून म्हणायचा. तिसरी सरली तरी कुणाला कळलं नाही. पुढे धडपडत वाचायला शिकले, बी.ए. झाले, डी.एड. झाले. आमच्या घराण्यातली पहिली. हे मी कुणी न विचारता सांगते, आणि सांगणारच.

पालिकेच्या मराठी शाळेत नोकरीला लागले, तेव्हा या बाई शेजारच्या चौथीच्या वर्गावर होत्या. घोडबंदरकडच्या जुन्या शेतकरी घरातल्या. निवृत्तीला एकच वर्ष उरलेलं.

त्याच वर्षी मूल्यमापन मोबाइलवर आलं. प्रत्येक मुलापुढे रंग भरायचा. हिरवा, पिवळा किंवा लाल. लाल म्हणजे साधं वाक्यही वाचता येत नाही. शिवाय प्रत्येकाची वर्णनात्मक नोंद. या नोंदींची तयार पीडीएफ शिक्षकांच्या ग्रुपवर फिरत होती. मी एका दुपारीत माझ्या तिसरीच्या चाळीस मुलांची व्यक्तिमत्त्वं उरकली. सगळी हिरवी.

बाईंनी माझा मोबाइल मागून घेतला.

"ही पूजा 'वर्गात सक्रिय सहभाग घेते'?"

"हो, बाई."

"ती जूनपासून गावाला गेलीय गं. आणि ह्याला 'पोहण्यात विशेष रस'. कुठे पोहतो? आपल्या शाळेच्या टाकीत?"

मी हसले. बाई हसल्या नाहीत.

"बी.ए. झालीस ना? मग निदान खोटं तरी स्वतःचं लिही."

त्यांच्या नोंदी मी नंतर पाहिल्या. 'इरफान. मराठी वाचता येत नाही. पण भांडण झालं की दोघांचं एकमेकांना समजावून मिटवतो.' 'कोमल. वाचताना अडते. आता अडल्यावर रडत नाही.' आणि नऊ मुलांपुढे लाल रंग.

आठवड्याभरात केंद्रप्रमुख आले. आसपासच्या शाळांचं मिळून एक केंद्र, त्या सगळ्यांची माहिती त्यांच्याकडेच गोळा व्हायची.

"बाई, अख्खं केंद्र हिरवंगार आहे आणि मधेच तुमचा वर्ग पेटलाय!"

"पेटलेला दिसला तर पाणी आणा ना, साहेब. रंग काय बदलायला सांगता?"

"वरून विचारणा होते हो. शेवटच्या वर्षी नोटीस कशाला घेताय?"

बाई चिडल्या की त्यांच्या तोंडी गावची भाषा यायची. "वाचता येत न्हाय म्हंजे न्हाय! आज हिरवं केलं, तर पाचवीत त्यांना कोन विचारणार हाय?"

कारणे दाखवा नोटीस आलीच. बाईंनी उत्तरात त्या नऊ मुलांची नावं लिहून पाठवली. कारणं मागितली होती, ती दाखवली.

एका मुलीचे वडील रिक्षा बाहेर लावून धावत आले. "मॅडम, लाल मतलब फेल क्या?"

"फेल नहीं, भाऊ. लाल मतलब मैं रोज एक घंटा जास्ती बैठेगी."

आणि बसल्या. शाळा सुटल्यावर व्हरांड्यात नऊ पोरं आणि बाई. दुकानांच्या पाट्या, बिस्किटाचे पुडे, लग्नपत्रिका, जे हाती लागेल ते वाचायचं.

मार्चमध्ये पाहुणे आले, हिरवे वर्ग पाहायला. केंद्रप्रमुखांनी त्यांना कौतुकाने माझ्या वर्गात आणलं. एक मुलगी उठली आणि न अडखळता धडा म्हणाली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. दारात बाई उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला त्या मुलीत पेणकरपाड्याची खोली दिसली. मी पुढे झाले आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. मुलगी गप्प.

"छान, छान! उशीर होतोय," म्हणत केंद्रप्रमुखांनी पाहुण्यांना चहाकडे वळवलं.

संध्याकाळी मी माझ्या वर्गातल्या अकरा जणांना लाल केलं. दुसरी नोटीस माझी.

एप्रिलअखेर बाईंच्या नऊपैकी सात जण वाचू लागले. दोघं राहिली, आणि बाईंनी मोबाइलवर ती लालच ठेवली. निरोप समारंभात केंद्रप्रमुखांनी त्यांच्या 'शंभर टक्के यशस्वी कारकिर्दी'वर भाषण केलं. बाई भाषणाला उठल्या त्या फक्त "अठ्ठ्याण्णव धरा, साहेब" एवढंच म्हणायला. मग शाल तशीच खुर्चीवर टाकून माझ्यापाशी आल्या.

"जूनपासून पाचवी तुझ्याकडे येतेय ना? इरफान आणि कोमल राहिलेत."

त्यांच्या वर्गात आता मोठा टीव्ही लागलाय. बाई लेकीकडे नाशिकला असतात. फोन केला की तब्येतीचं सांगत नाहीत, त्या दोघांचं विचारतात. मीही आता शाळा सुटल्यावर तासभर व्हरांड्यात बसते.

इरफान दिवाळीनंतर वाचू लागला. कोमलला फेब्रुवारी उजाडला. त्या दिवशी मी बाईंना फोन लावला आणि सांगितलं, नऊच्या नऊ वाचतात.